बासुंदी कशाने बाधली?



गेल्या वैशाखात आमच्या घरी ताईच्या बाळाचे बारसे झाले. त्या दिवशी पंगतीतल्या सतरा माणसांना बाधले, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. कशाने बाधले, हे मात्र पुष्कळांना चुकीचे ठाऊक आहे. म्हणून गुरुजींनी भित्तीपत्रकासाठी विज्ञानाचा लेख मागितला तेव्हा मी हाच विषय घेतला.

आधी काय घडले ते सांगतो. आदल्या रात्री बारा लीटर दूध आटवून बासुंदी केली. नऊच्या सुमारास पातेले खाली उतरवले. कडेला धरलेली साय मोडून बासुंदीत कालवायची होती. ते काम मी मागून घेतले, कारण शेवटी हात चाटायला मिळतो. मग पातेल्यावर झाकण घातले आणि ते रात्रभर चुलीशेजारी उबेलाच राहिले. पहाटे पाचला आईने बासुंदी पुन्हा चांगली खळखळ उकळली. वास चांगला, रंग चांगला, चव तर विचारूच नका.

साडेबाराला पंगत बसली. तीनच्या आत आत्याला मळमळू लागले, आणि पाच वाजेपर्यंत सतरा जणांना उलट्या, पोटात पिळवटून कळा, काहींना जुलाब. दोन लहान मुलांना आरोग्य केंद्रात नेऊन सलाईन लावावे लागले. दुसऱ्या दिवशी सगळे उठून बसले. पण तोपर्यंत गावाने निकाल देऊन टाकला होता, की दूध घालणाऱ्या मावशींनी दुधात काहीतरी मिसळले. आठ दिवस त्यांच्याकडून कोणी दूध घेतले नाही. त्यांनी त्याचे ताक करून फुकट वाटायला काढले, तेही कोणी नेईना.

आरोग्य केंद्राच्या नर्सबाई चौकशीला आल्या. त्यांनी वही काढली आणि प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारल्या : काय काय खाल्ले, आणि किती वाजता त्रास झाला. आजोबांना साखरेचा आजार आहे. त्यांनी पुरी, भाजी, मसालेभात सगळे खाल्ले, फक्त बासुंदी नाही. त्यांना काही झाले नाही. ताईला बाळंतिणीचे जेवण वेगळे होते, तीही ठीक. म्हणजे दोष बासुंदीत. मग दुधात का नाही? तेच दूध आणखी चार घरांत गेले होते, मावशींची नातवंडेही तेच प्यायली होती. त्यांच्यापैकी कोणी आजारी नव्हते. नर्सबाई म्हणाल्या, "दूध चांगलं होतं. उतरवल्यावर त्याला हात कुणाचा लागला?" त्यांनी घरातल्या बायकांचे हात पाहिले. माझा हात पाहायचे कोणाच्या मनात आले नाही, आणि मी तो खिशात घातला.

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात बाभळीचा काटा मोडला होता. बोट पिकले होते.

आता जंतूंविषयी सांगतो. १८८० साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे अलेक्झांडर ऑगस्टन नावाच्या शल्यवैद्यांना गळवातल्या पुवात सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंतूंचे घोस दिसले. द्राक्षाच्या घोसाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून त्यांनी या जंतूंना स्टॅफिलोकॉकस नाव दिले. पिकलेल्या जखमेत ते असतातच, पण पुष्कळ निरोगी माणसांच्या नाकातही असतात. म्हणून नाकात बोट घालून तोच हात पिठाला लावणे वाईट. हे जंतू अन्नात वाढताना विष सोडतात. त्या विषाला वास नाही, चव नाही. ते पोटात गेले की अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत केव्हाही उलट्या सुरू होतात. ताप सहसा येत नाही.

१९१४ साली फिलिपाईन्समध्ये बार्बर नावाच्या संशोधकांनी हे दुधात दाखवून दिले. एका गाईच्या कासेत हे जंतू होते. तिचे ताजे दूध प्यायले तर काही होत नसे. तेच दूध काही तास उबेत राहिले की बाधे. हे त्यांनी स्वतः पिऊन पाहिले!

उबेत काय होते, त्याचे गणित मी वहीत करून पाहिले. चांगले अन्न आणि ऊब मिळाली तर असे जंतू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. वीस मिनिटे धरली आणि रात्री नऊला एकच जंतू पडला असे समजले, तर पहाटे पाचपर्यंत चोवीस वेळा दुप्पट, म्हणजे १,६७,७७,२१६. पाचला आईने उकळले तेव्हा जंतू मेले. पण हे विष उकळून जात नाही. विंचू मारला म्हणून चढलेले विष उतरत नाही, तसेच ते. "पुन्हा उकळलं की झालं" असे आमच्या घरी सगळेच म्हणत. ते इथे खोटे ठरले.

भाताचेही तसेच आहे, हे वाचून मला नवल वाटले. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू भात शिजला तरी मरत नाहीत. रात्रीचा भात गरम पातेल्यात तसाच राहिला तर ते जागे होतात, आणि त्यांचेही एक विष सकाळच्या फोडणीने जात नाही. म्हणजे फोडणीचा भात खायचाच नाही असे नव्हे (मला तो फार आवडतो). उरलेला भात लगेच परातीत पसरून निववावा आणि थंड जागी, फ्रीज असल्यास त्यात, ठेवावा. ५ ते ६० अंश सेल्सिअस ही जंतूंच्या वाढीची मर्यादा. अन्न एकतर त्याहून गरम हवे नाहीतर त्याहून गार. मोठे खोल पातेले आतून तासन् तास कोमट राहते. म्हणून लहान भांड्यांत वाटून ती थंड पाण्याच्या परातीत ठेवायची. कच्ची अंडी, अर्धवट शिजलेली कोंबडी यांतले साल्मोनेला जंतू मात्र नीट शिजवल्याने मरतात.

आणि बाधलेच तर? अंगातले पाणी जाते, तेच लहान मुलांना घातक. आत्याने "पोटात काही ठरत नाही, पाणी देऊ नका" म्हटले होते, ते चूक. उकळून गार केलेल्या एक लीटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. ही जलसंजीवनी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली, सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले आणि मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. मूल सुस्त झाले, लघवी थांबली, शौचात रक्त आले तर घरी बसू नये, दवाखान्यात न्यावे.

उरलेली बासुंदी ओतून दिली होती, त्यामुळे तपासणीला काही राहिले नाही. पण सर्व खुणा जुळतात, असे डॉक्टर म्हणाले. हे त्यांना कळले, कारण नवव्या दिवशी मी आईला बोट दाखवले. ती काही बोलली नाही. मला घेऊन तडक मावशींच्या घरी गेली आणि शेजारच्या बायकांसमोर मला सगळे सांगायला लावले.

मावशी ताक घुसळत होत्या. त्यांनी पेला भरला, मला द्यायला पुढे केला, आणि मध्येच हात थांबवून म्हणाल्या, "आधी बोट बघू."



— इयत्ता सातवी