फोर्कलिफ्टची जुनी मोटर घेताना

भंगारात निघालेल्या फोर्कलिफ्टची मोटर जुन्या मोटारीत बसवून घरच्या घरी विजेची गाडी करता येईल काय, असे आमचे गॅरेजवाले बांधव विचारतात. करता येते. हौशी कारागिरांनी अशा गाड्या चालवून दाखविल्या आहेत. मात्र पैसा बुडतो तो बहुधा मोटर विकत घेतानाच. म्हणून आज मोटर कशी पारखावी ते पाहू.

बॅटरीवरच्या जुन्या फोर्कलिफ्टमध्ये बहुधा डी.सी. सिरीज मोटर असते. जागेवरून ओढ घेण्याची ताकद तिच्यात भरपूर, म्हणून ती गाडीला चालते. प्रथम दोन्ही टोकांना बेअरिंग आहे ना, ते पाहावे. कित्येक मोटरींचे एक टोक गिअरबॉक्समध्ये किंवा पंपात टेकलेले असते. अशी मोटर स्वस्त मिळाली तरी लेथवर नवे झाकण करण्याचा खर्च येतोच.

नंतर ब्रशवरची पट्टी काढून कम्युटेटर पाहावा. सगळीकडे सारखा तपकिरी रंग असेल तर उत्तम. ठराविक अंतरावर काळे डाग असतील तर आर्मेचरच्या कॉइलबद्दल संशय घ्यावा. एखादी पट्टी वर उठली असेल किंवा जळक्या वार्निशचा वास येत असेल, तर सौदा सोडून द्यावा. ५०० व्होल्टच्या मेगरने टर्मिनल व बॉडीमधील इन्सुलेशन तपासावे. आकडा एक मेगओहमपेक्षा कमी आला तर कार्बनची धूळ फुंकून, मोटर सुकवून पुन्हा तपासावे. तरीही कमीच आला तर रिवाइंडिंग आले, आणि मग स्वस्त मोटर स्वस्त राहत नाही.

विकणारेही पुष्कळदा आपलेच बांधव असतात. जळालेल्या मोटरीला वरून वार्निशचा हात मारून विकणे ही उघड फसवणूक आहे. मालातील ऐब ग्राहकाला सांगणे शरीअतने विक्रेत्यावर बंधनकारक केले आहे. मेगरचा आकडा पावतीवर लिहून द्यावा, आणि घेणाऱ्याने तो निःसंकोच मागावा.

मोटर फिरवून पाहायची तर ती पक्की बांधून १२ व्होल्टच्या एकाच बॅटरीवर. पूर्ण व्होल्टेज कधीही देऊ नये! भार नसलेल्या सिरीज मोटरचा वेग वाढतच जातो आणि कम्युटेटरच्या पट्ट्या सुटून गोळीसारख्या उडतात. गाडीत बसविल्यावरही कपलिंग तुटले किंवा न्यूट्रलमध्ये असताना पॅडल दाबले, तर हाच धोका असतो. आणखी एक गोष्ट: बॅटरीच्या तारा उलटसुलट केल्याने ही मोटर उलटी फिरत नाही. फक्त फील्डच्या तारा बदलाव्या लागतात.

४८ व्होल्टवर २०० ॲम्पिअर घेतले तर ९.६ किलोवॅट होतात, म्हणजे साधारण १३ हॉर्सपॉवर. १२ व्होल्ट, १०० ॲम्पिअर-अवरच्या चार बॅटऱ्यांत कागदावर ४.८ युनिट वीज असते. जड भाराखाली लेड-ॲसिड बॅटरी त्याच्या निम्म्याच्या आसपासच देते. लांबच्या प्रवासाचा विचार सोडलेलाच बरा.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मनाला येईल तसा फेरबदल करता येत नाही. पेट्रोलची गाडी विजेवर करायची तर मंजुरी मिळालेले किट लागते आणि आर.टी.ओ.कडे नोंद करावी लागते. भंगारातल्या मोटरीची गाडी त्यात बसत नाही. ती कारखान्याच्या आवारात माल ओढण्यासाठी वापरावी, रस्त्यावर काढू नये.