मूळ हुकुमाची तारीख

माझे वडील, आण्णा, तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. लोकांच्या मिळकतींवर बोजे चढविणे आणि उतरविणे, वारसांच्या नोंदी धरणे, फेरफारांची छाननी करणे यांतच त्यांची नोकरी गेल्यामुळे कोणत्याही कागदाची नक्कल हातात पडली, की ‘मूळ हुकूम कुठे आहे, आणि त्यावर तारीख कोणती आहे?’ हा प्रश्न त्यांच्या तोंडून आपसूक निघे. २०११ च्या मे महिन्यात इंग्लंडमधील एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणि पुण्यातील एका सल्लागाराने दिलेली गुळगुळीत माहितीपुस्तिका घेऊन मी कऱ्हाडच्या घरी गेलो, तेव्हा आण्णांनी मला तोच प्रश्न विचारला. आणि त्याचे उत्तर शोधण्याऐवजी ‘आण्णा, आता असं नसतं, तुम्हांला कळायचं नाही’ असे मी त्यांना म्हणालो. हे सांगताना आजही मला लाज वाटते. परंतु ते सांगितल्याखेरीज पुढचे काही सांगण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

त्या काळी ब्रिटनमध्ये पदवी संपादन करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास शिक्षणानंतर दोन वर्षे तेथेच राहून नोकरी करण्याची मुभा होती. माहितीपुस्तिकेत ती ठळक अक्षरांत छापलेली होती, आणि माझ्या कर्जाचा सारा ताळेबंद त्या दोन वर्षांच्या पायावर उभा होता. प्रत्यक्षात ही सवलत एप्रिल २०१२ पासून बंद होणार, अशी घोषणा ब्रिटिश गृहमंत्र्यांनी २२ मार्च २०११ रोजीच संसदेत केलेली होती. ती गुप्त नव्हती. तेथील सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येण्याजोगी होती. माझा अभ्यासक्रम सप्टेंबर २०१२ मध्ये संपणार होता. म्हणजे ज्या दिवशी मी आण्णांपुढे पुस्तिका ठेवली, त्या दिवशी तिच्यातील ते पान माझ्यापुरते रद्दबातल झालेले होते. सल्लागाराने ते मला सांगितले नाही, हा त्याचा दोष. पण मी ते वाचले नाही, हा माझा, आणि तोच मोठा.

बँकेने १५ लाखांचे कर्ज १२ टक्के व्याजाने मंजूर केले आणि तारण म्हणून घर मागितले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मिळकतींवर बोज्याची नोंद घेणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या मिळकत पत्रिकेवर तशी नोंद झालेली पाहिली, तेव्हा तो काही बोलला नाही. चष्मा काढून पुसला, आणि कागद पुन्हा घडी करून ठेवला.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. परदेशातील शिक्षणाचे आकर्षण खोटे नाही, आणि ज्यांना ते खोटे वाटते त्यांच्याशी माझे जुळणार नाही. उत्तर इंग्लंडमधील ज्या शहरात मी वर्षभर राहिलो, तेथे डिसेंबरात दुपारी चारच्या आधीच सूर्य मावळे. पण ग्रंथालयाचे दिवे रात्रभर जळत, आणि कोणत्याही कपाटातील कोणतेही पुस्तक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काढून घ्यावे, यात कोणाला काही वावगे वाटत नसे. माझे प्राध्यापक मला पहिल्याच आठवड्यात म्हणाले, की माझ्या व्याख्यानातील कोणते विधान तुला पटले नाही ते लिहून आण. परीक्षेत शिक्षकांचीच वाक्ये परत करण्यात सोळा वर्षे घालविलेल्या मला ते लिहायला तीन आठवडे लागले. परंतु त्या तीन आठवड्यांत माझ्या बुद्धीला जे वळण लागले ते पुढे कधी मोडले नाही. प्रबंधासाठी विषय शोधत होतो, तेव्हा ‘तुझ्या गावची नदी कोणती?’ असे त्यांनी विचारले, आणि कृष्णा-कोयनेच्या संगमाकाठी वाढलेला मी त्या संगमाच्या पुराचे गणित प्रथम मांडले ते सात हजार किलोमीटरांहून अधिक दूर बसून. आज निळ्या आणि लाल पूररेषा आखण्याच्या कामात माझे जे काही स्थान आहे, त्याचे मूळ त्या खोलीत आहे.

हा लाभ खरा, आणि त्याची किंमतही खरी. सत्र चालू असताना आठवड्यास २० तासच काम करण्याची परवानगी होती. किमान वेतन ताशी ६.०८ पौंड. आठवड्याचे झाले १२१ पौंड आणि काही पेनी, तेही काम मिळाले तर. मी निघालो तेव्हा पौंडास ७५ रुपयांच्या आसपास पडत. पुढल्या उन्हाळ्यात तोच भाव ८५ च्या वर गेला, आणि फीचा दुसरा हप्ता त्या चढत्या भावाने भरावा लागला. हा चढउतार मी हिशेबात धरलाच नव्हता. माझ्याबरोबरच्या एका मुलाने तर व्हिसाच्या अटीप्रमाणे बँकेत २८ दिवस दाखविण्यापुरते पैसे नातेवाइकांकडून हातउसने घेतले होते आणि व्हिसा मिळताच परत केले होते. तो विमानातून उतरला तेव्हा त्याच्याजवळ दोन महिन्यांच्या भाड्याइतकेही पैसे नव्हते. ही अट अडवणुकीसाठी घातलेली नसून तेथे जगायला तेवढे लागतेच म्हणून घातलेली आहे, हे त्याला उपाशी राहून कळले.

सप्टेंबर उलटल्यावर मी नोकरीसाठी अर्ज करू लागलो. सवलत बंद झाल्यामुळे आता परदेशी माणसाला ठेवून घेण्याचा सरकारी परवाना असलेली कंपनी हवी होती, आणि तिने वर्षाला किमान २०,००० पौंड पगार द्यावयास हवा होता. मुलाखतीपर्यंत गोष्ट जाण्याआधीच परवान्याचा प्रश्न येई आणि पत्रव्यवहार थांबे. व्हिसाची उरलेली मुदत संपत आली, तेव्हा जानेवारी २०१३ मध्ये मी परतलो. हप्ते सुरू होईपर्यंत व्याज साचून रक्कम साडेसतरा लाखांच्या घरात गेली होती. हप्ता २५ हजारांचा बसला. पुण्यातील माझा पहिला पगार २४ हजार होता. पहिली दोन वर्षे आण्णांच्या निवृत्तिवेतनातून भर पडत राहिली.

आता जाऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे. शिक्षण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याला परतावे लागणार, असे गृहीत धरून हिशेब मांडा, आणि हप्ता येथील पगारातून फिटेल काय ते पाहा. तो फिटत नसेल, तर लहान कर्ज, दुसरा देश किंवा आणखी दोन वर्षांची नोकरी यांचा विचार करा. तेथे राहण्याची मुभा हा त्या देशाचा निर्णय आहे, आणि तो निर्णय फिरविण्याचा पूर्ण अधिकार त्या देशाला आहे. मी निघालो तेव्हा दोन वर्षांची सवलत बंद होत होती. २०२१ च्या जुलैत ती दुसऱ्या नावाने पुन्हा सुरू झाली. आता १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ती दीड वर्षावर येणार आहे. ज्या मुलांनी तिच्या भरवशावर आज कर्ज काढले असेल, त्यांनी आपला अभ्यासक्रम संपण्याची तारीख आणि नियमाची तारीख एका कागदावर शेजारी शेजारी लिहावी.

सल्लागाराला त्याचे पैसे कोण देतो, हे निःसंकोच विचारा. पुष्कळदा विद्यार्थी दाखल झाला की विद्यापीठच त्याला दलाली देते; मग त्याचा सल्ला कोणत्या बाजूला झुकेल, हे ओळखणे कठीण नाही. शिष्यवृत्तीसाठी मात्र एक वर्ष थांबावे लागले तरी थांबा. मुंबईचा जे. एन. टाटा एन्डोमेंट हा निधी १८९२ पासून परदेशी जाणाऱ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देत आला आहे; महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला आणि तेथून पुढे लंडनला गेले, तिची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले, आणि मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवून १९२० मध्ये ते तो पुरा करण्यासाठी पुन्हा गेले. हे मी एवढ्यासाठी सांगतो, की ज्याला विद्याच हवी आहे त्याला खंड पडला तरी वाट सापडते; परंतु जो केवळ तेथे राहण्यासाठी विद्येचे निमित्त करतो, त्याच्या हाती नियम बदलताच काही उरत नाही. आपण या दोहोंपैकी कोण, हे कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी आईवडिलांसमोर मोठ्याने सांगता आले पाहिजे. मला ते तेव्हा सांगता आले नसते.

कर्ज २०२१ मध्ये फिटले. बँकेचा दाखला घेऊन मी कऱ्हाडला गेलो, तर आण्णा म्हणाले, ‘अर्ज मी लिहितो.’ थरथरत्या, पण अजून वळणदार अक्षरात त्यांनी बोजा कमी करण्याचा अर्ज लिहिला, स्वतः भूमी अभिलेख कार्यालयात नेऊन दिला, आणि काही आठवड्यांनी नवी मिळकत पत्रिका घेऊन आले. ती माझ्यापुढे ठेवून त्यांनी नोंदीखालच्या तारखेवर बोट ठेवले, आणि मी ती मोठ्याने वाचून दाखवीपर्यंत ते बोट तेथून काढले नाही.