उबुंटू बदलताना पोस्टग्रेस कोणतं घ्यायचं?

संस्थेच्या सर्व्हरवर उबुंटू २२.०४ आहे, सभासदांच्या नोंदी पोस्टग्रेस १४ मध्ये आहेत आणि आता २४.०४ वर जायचं आहे. अशा वेळी आधी पोस्टग्रेसचं ठरवा. उबुंटू पुन्हा बसवता येतं, गेलेला डेटा परत येत नाही.

१. सपोर्ट कधी संपतो ते लिहून काढा. उबुंटू २२.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२७ मध्ये संपतो, २४.०४ चा २०२९ मध्ये. पोस्टग्रेस १४ चा मात्र नोव्हेंबर २०२६ मध्येच संपतो, १६ चा नोव्हेंबर २०२८ मध्ये. एलटीएस, म्हणजे दीर्घ सपोर्टची, नसलेल्या उबुंटू आवृत्तीला ९ महिनेच सपोर्ट असतो. सर्व्हरवर ती नकोच.

२. २४.०४ सोबत १६ येतं, तेच घ्या. पोस्टग्रेसच्या स्वतंत्र रिपॉझिटरीतून १७ मिळतं, पण त्यातल्या एखाद्या सोयीची खरोखर गरज असेल तरच तिकडे वळा. सिस्टिमसोबतच्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट नेहमीच्या अपडेटबरोबर येतात, वेगळी रिपॉझिटरी सांभाळावी लागत नाही. तुमचा प्रोग्राम पायथनमध्ये असेल तर तोही तपासा: पायथन ३.१० वरून ३.१२ वर जातं आणि ३.१२ मधून डिस्टयुटिल्स काढून टाकलं आहे.

३. पीजी_डंपऑलने पूर्ण बॅकअप घ्या आणि दुसऱ्या मशीनवर ठेवा. तिथे २४.०४ आणि १६ टाकून तो रिस्टोअर करा. पावती छापा, आडनावाने सभासद शोधा, वार्षिक अहवाल काढा. रिस्टोअर करून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

४. मग सर्व्हरवर डू-रिलीज-अपग्रेड चालवा. बाहेरच्या रिपॉझिटरी या वेळी बंद होतात, त्यांची यादी आधीच करून ठेवा.

५. अपग्रेडनंतरही डेटा १४ मध्येच असतो. १६ शेजारी रिकामं बसतं. इथे थांबू नका. मजकुराचा क्रम लावण्याचे नियम (कोलेशन) पोस्टग्रेस सहसा सिस्टिमच्या जीलिबसी लायब्ररीकडून घेतं आणि नव्या उबुंटूत जीलिबसी बदललेली असते. क्रम बदलला तर जुने इंडेक्स चुकतात: मराठी नाव टेबलमध्ये असतं, पण शोधात सापडत नाही. डेटाबेसच्या मूळ कोलेशनबाबत इशारा देण्याची सोय पोस्टग्रेस १५ पासूनची, त्यामुळे १४ गप्प राहतं. म्हणून प्रोग्राम बंद ठेवूनच १६ चं रिकामं क्लस्टर काढा आणि पीजी_अपग्रेडक्लस्टर चालवा. त्याच्या नेहमीच्या डंप पद्धतीत इंडेक्स नव्याने बांधले जातात. काही कारणाने १४ वरच राहणार असाल, तर सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा.

६. जुनं १४ चं क्लस्टर बंद अवस्थेत तसंच राहतं. महिनाअखेरचा हिशेब १६ वर जुळला की मगच ते काढा.