आधी तोंडं मोज

चार्ज घेतलास, छान झालं. आता तिकिटाचा दर वाढवायचा विचार सहा महिने बाजूला ठेव. नवा अधीक्षक आला की त्याचं पहिलं लक्ष गेटवर जातं, कारण पैसा तिथून येताना दिसतो. आपल्यासारख्या ट्रस्टच्या लहान प्राणीसंग्रहालयात पैसा येतो दिवाळीत, मे महिन्यात आणि शाळांच्या सहली निघतात तेव्हा. जातो मात्र रोज सकाळी. श्रावणात गेटवरचा माणूस पेंगत बसतो, पण बिबट्याचं जेवण काही चुकत नाही. म्हणून गेटच्या आधी खाद्याच्या कोठीत जा. तोंडं किती, प्रत्येकाला रोज काय लागतं आणि त्यातली कोणती तोंडं आपणच वाढवून ठेवलीत, हे लिहून काढ.

सुरुवात चितळांपासून कर. दिसायला गरीब जनावर, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. दिल्लीत हौज खासला साठच्या दशकात सहा हरणं आणून सोडली होती. 2023 मध्ये केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने त्या उद्यानाची मान्यता काढून घेतली, तेव्हा हरणं सहाशेच्या घरात गेली होती. नर वेगळे ठेव. मधल्या कुंपणाचा खर्च एकदाच येतो, कडब्याचा आणि लसूणघासाचा दरवर्षी. पाडसं दाखवली की गर्दी होते असं विश्वस्त म्हणतील. होते, आठवडाभर.

मोठ्या नावाच्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. चेन्नईजवळची मद्रास क्रोकोडाइल बँक 1976 साली रोम्युलस व्हिटेकर आणि झाई व्हिटेकर यांनी उभी केली. मगरी संपत चालल्या होत्या, त्यांची पैदास करून जंगलात सोडायच्या, असा बेत. पैदास इतकी झकास झाली की पुढे जंगलात सोडणं थांबलं आणि मगरी कुंपणातच साठत गेल्या. संस्था चालायची मुख्यतः तिकिटावर. 2020 मध्ये कोरोनामुळे गेट बंद झालं आणि त्यांना लोकांपुढे हात पसरावा लागला. तरी त्यांचं एक बरं होतं. मगर थंड रक्ताची, तिला रोज जेवायला लागत नाही. त्या जागी तेवढे वाघ असते तर पहिला महिनासुद्धा निघाला नसता. शेवटी सुमारे हजार मगरी जामनगरच्या प्राणी केंद्रात पाठवायचं ठरलं, ते प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापर्यंतही गेलं. पैदास थांबवायची वेळ कधी येते, हे मला त्या एका उदाहरणावरून जेवढं कळलं तेवढं कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही.

वाघाचं सांगतो. तुझ्याकडे कुणीतरी वजनदार माणूस येईल आणि म्हणेल, आपल्याकडे एक पांढरा वाघ हवा, मी मिळवून देतो. चहा पाज आणि कायदा पुढे कर. मान्यताप्राप्त संग्रहालयाकडूनच आणि प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीनेच जनावर घेता येतं, हे खरंच आहे, त्यामुळे खोटं बोलावं लागत नाही. मोठा वाघ दिवसाला आठ-दहा किलो मांस खातो. आठवड्यातला उपासाचा वार सोडला तरी वर्षाला अडीच-तीन टन होतात. भेट देणारा फोटो काढून जातो, टन आपल्याकडे राहतात.

आता उधारी. पैसे कमी पडले तर विजेचं बिल थकव, माझी पेन्शन थकव, रंगरंगोटी पुढे ढकल. पण मांसवाल्याचं बिल थकवू नकोस. तो तोंडावर काही बोलत नाही. गाडी उशिरा येऊ लागते, मग हाडं जास्त येऊ लागतात. त्याच्याकडून येणारा माल रोज स्वतः वजनकाट्यावर घे. तीन महिन्यांच्या खुराकाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव आणि त्या खात्याचं चेकबुक कपाटात कुलपात.

टंचाई आली की फुकटचं खाद्य चालून येतं. खरी जपायची वेळ तीच. मेलेली गाय-म्हैस दारात आणून देतात, दयेनेच देतात. पण ती कशाने मेली आणि मरायच्या आधी तिला कोणतं इंजेक्शन दिलं, ते कुणाला सांगता येत नाही. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गिधाडं कशी संपली ते तू शिकलीच आहेस. 2006 पासून जनावरांसाठी ते बंद आहे, तरी मेलेलं जनावर आत घ्यायचं नाही म्हणजे नाही. स्वस्त कोंबडीचंही तेच. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले. उसाचं वाढं हंगामात ट्रॉलीने मिळतं, ते घे, पण त्यातलं ऑक्झलेट शरीरातलं कॅल्शियम अडवतं. हिरव्या चाऱ्यात मिसळून थोडंथोडं द्यायचं आणि चुन्याच्या निवळीचं डॉक्टरांना विचारायचं. मंडईतला फ्लॉवरचा पाला धुतल्याशिवाय नाही, त्यावर फवारणी असते. लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं अन्न गेटवरूनच परत पाठव.

कीपरांचा पगार एक तारखेला. त्यांना पगार उशिरा मिळाला की पिंजरा उशिरा धुतला जातो, आणि आजारी जनावराची पहिली खबर तुला त्यांच्याकडूनच मिळायची असते. सोमवारची सुट्टी विकायची नाही, कितीही मोठी सहल येवो. नियम आहेच, शिवाय दुरुस्तीला दुसरा वार कुठला आहे?

बाहेरून पैसा आणायचे मार्ग दोन. एक, दत्तक योजना. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे, म्हैसूरच्या प्राणीसंग्रहालयात आहे. तिथे 2021 मध्ये अभिनेता दर्शनने आवाहन केल्यावर लोकांनी भराभर प्राणी दत्तक घेतले. आपल्याकडे नट नाही, पण वाढदिवस आहेत. अडचण अशी की बिबट्या सगळ्यांना हवा, तरस कुणालाच नको. म्हणून फॉर्मवर छापून घे, की रक्कम सगळ्या प्राण्यांच्या खुराकात जाईल, पाटी मात्र तुमच्या आवडत्या पिंजऱ्यावर लागेल. पावती आणि प्रमाणपत्र त्याच आठवड्यात गेलं पाहिजे. पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा येतो, नाहीतर येत नाही.

दुसरा मार्ग, कंपन्यांचा सीएसआर. 2013 च्या कंपनी कायद्यात वन्यजीव आणि प्राणिकल्याण बसतं. कंपन्या मार्चअखेर धावपळ करतात, तू जूनमध्ये जा. सीएसआर-1 आणि 80जी ची कागदं फाइलला लावूनच जा. रोजच्या मांसासाठी मागशील तर हसून चहा देतील. फीत कापता येईल असं काहीतरी माग: डीप फ्रीझर, सौर पंप, अँब्युलन्स. सौर पंप मिळाला की विजेचे वाचलेले पैसे खुराकाच्या खात्यात टाक.

आणि एक कागद गुपचूप तयार ठेव. उद्या बंद करायची वेळ आली तर कोणतं जनावर कुठे जाईल, त्याची यादी. विश्वस्तांना आवडणार नाही, अपशकुन म्हणतील. दर एप्रिलमध्ये प्रत्येक ठिकाणी फोन करून ती नव्याने लिही. गेल्या वर्षी हो म्हणालेलं संग्रहालय यंदा भरलेलं असतं. मगरींपासून सुरुवात कर, त्यांना घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही.