लांजीत चारला, बालाघाटात सहाला

१९ एप्रिल २०२४ ला मध्य प्रदेशातल्या बालाघाट लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. उमेदवार तेच, पण मतदान संपण्याच्या वेळा दोन होत्या. बैहर, लांजी आणि परसवाडा या विधानसभा क्षेत्रांत दुपारी चार. बालाघाट, वारासिवनी, कटंगी आणि सिवनीकडच्या भागात संध्याकाळी सहा. त्याआधी, १७ नोव्हेंबर २०२३ च्या विधानसभेला या तीन क्षेत्रांत तीनलाच मतदान आटोपले होते.

कारण नक्षलवाद्यांची भीती. राज्याचे परिवहन मंत्री लिखीराम कावरे यांची डिसेंबर १९९९ मध्ये याच जिल्ह्यात, त्यांच्या स्वतःच्या गावात नक्षलवाद्यांनी हत्या केली. मतदान यंत्रे घेऊन निघालेल्या पथकाला उजेड असेतो जंगलाबाहेर पडता यावे, म्हणून वेळ आधीच संपवली जात असे.

आमच्या ओळखीतला लांजीकडचा एक तरुण नागपुरात कामाला आहे. ‘सहापर्यंत चालते’ हे त्याने बालाघाट शहरातल्या नातेवाइकाकडून ऐकले होते. तो सकाळी निघाला, गोंदियाला उतरला, पुढची गाडी उशिरा मिळाली आणि केंद्रावर पोहोचला तेव्हा साडेचार वाजले होते. केंद्रावर काम पाहणाऱ्या शिक्षकांनी समजावले, पोलिसांनीही समजावले. नियमापुढे कुणाचेच काही चालेना. त्याला वाईट वाटले ते दूर राहतो म्हणून नव्हे, माहिती चुकीच्या ठिकाणची घेतली म्हणून. वेळ आपल्या केंद्राचीच विचारावी, तीही त्याच निवडणुकीची. बीएलओला, म्हणजे केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला विचारा किंवा १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन करा. नोकरदाराला मतदानाची पगारी सुटी कायद्यानेच मिळते, तेव्हा आदल्या रात्री घरी पोहोचलेले बरे.

वेळ संपताना जो रांगेत उभा असेल, त्याचे मत मात्र कुणी नाकारू शकत नाही. केंद्राध्यक्ष रांगेतल्या शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटत पुढे येतात. चिठ्ठी हातात असेल तर पाच वाजले तरी हलू नका.

राज्याच्या सीमेवरचा दुसरा घोळ लग्नाचा. महाराष्ट्रातला गोंदिया आणि बालाघाट यांच्यात सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या. लेक सासरी नांदते, नाव मात्र माहेरच्या यादीत. २०२४ मध्ये भंडारा-गोंदियाचे मतदानही त्याच १९ एप्रिलला होते. सासरी नाव नाही आणि माहेरी जायला वेळ नाही, अशी तिची गत. दोन्हीकडे नाव ठेवणे हा उपाय नव्हे, तो गुन्हा आहे. नमुना ८ भरून नाव सासरी आणावे, आणि हे काम निवडणूक जाहीर होण्याआधीच उरकावे. घरच्या पुरुषांनी यात लक्ष घालायलाच हवे.

घरी येणारी मतदार चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, हे अजून अनेकांना माहीत नाही. मतदार कार्ड नसेल तर आधार, मनरेगा जॉब कार्ड, फोटो असलेले बँकेचे वा पोस्टाचे पासबुक, वाहन परवाना यांपैकी एक चालते. पण यादीत नाव नसेल तर कार्ड असूनही उपयोग नाही. मोबाइल घरीच ठेवावा. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्रातली चिठ्ठी सात सेकंद दिसते, ती नीट पाहावी.

सर्वांत जिव्हारी लागते ते वेगळेच: तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलेले असते. भांडून परत फिरू नका. केंद्राध्यक्षांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देऊन ओळख पटवा आणि प्रदत्त मतपत्रिका मागा. ते मत यंत्रात जात नाही, लिफाफ्यात वेगळे राहते आणि नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही. पण निकाल न्यायालयात गेला तर तोच कागद पुरावा ठरतो.

घरात पंच्याऐंशी ओलांडलेले आजी-आजोबा किंवा चाळीस टक्के वा त्याहून जास्त अपंगत्व असलेले कुणी असतील, तर अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-डी भरून द्यावा. पथक घरी येऊन त्यांचे मत घेते.