वनाच्या दारी उद्योग : टोनेट यांच्या खुर्चीचा धडा

गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर आज राज्यभर परिचित आहे, तो त्याच्या उदरातील लोहखनिजामुळे. परंतु या डोंगराभोवतीच्या माडिया-गोंड गावांच्या शिवारात आणखी एक संपत्ती उभी आहे. ती म्हणजे साग, ऐन, बिजा, शिवण आणि बांबू यांची. खनिज एकदा काढले की संपते. वन मात्र जपून वापरल्यास पुन्हा वाढते.

आलापल्लीच्या सागाची कीर्ती जुनी आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येतील श्रीराम मंदिराच्या दरवाजांसाठी बल्लारपूरहून सागवान समारंभपूर्वक रवाना झाले. ही गोष्ट भूषणावह खरीच. पण त्या लाकडाला दरवाजाचे रूप दिले ते अन्य राज्यांतील कारागिरांनी. लाकूड एका ठिकाणचे आणि कारागिरीचे मोल दुसऱ्या ठिकाणी, हा अनुभव वनप्रदेशाला नवा नाही. जेथे लाकूड आहे तेथेच उत्तम फर्निचर घडू शकेल काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका स्थलांतरित सुताराचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

कर्जबाजारी सुतार व्हिएन्नात

मिखाएल टोनेट यांचा जन्म १७९६ मध्ये ऱ्हाईन नदीकाठच्या बोपार्ड या लहानशा जर्मन गावी झाला. सुतारकीचे शिक्षण घेऊन त्यांनी तेथेच कार्यशाळा काढली. लाकूड कापून, खाचा पाडून, सांधे जुळवून वक्राकार वस्तू घडवावयाची, ही त्या काळची रीत. तीत लाकूड वाया जाई आणि सांधाही कमकुवत राही. टोनेट यांनी १८३० नंतरच्या काळात लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात शिजवून, एकत्र चिकटवून त्या साच्यात वाकविण्याचे प्रयोग सुरू केले.

प्रयोग यशस्वी झाले, परंतु निरनिराळ्या देशांत पेटंट मिळविण्याच्या खटाटोपात ते कर्जात बुडाले व त्यांची मालमत्ता सावकारांच्या ताब्यात गेली. याच सुमारास, १८४१ मध्ये, कोब्लेन्झच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर प्रिन्स मेटर्निख यांनी त्यांचे काम पाहिले आणि त्यांना व्हिएन्नाला येण्याचे सुचविले. १८४२ मध्ये वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी टोनेट यांनी परक्या राजधानीत नव्याने आरंभ केला.

तेथेही प्रथम दुसऱ्याच्या हाताखाली काम करणे भाग होते. लिश्टेनस्टाईन घराण्याच्या प्रासादातील नक्षीदार लाकडी फरशी व खुर्च्या यांच्या कामात त्यांनी आपले कौशल्य सिद्ध केले. १८४९ मध्ये त्यांनी स्वतःची कार्यशाळा काढली. १८५१ च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनात त्यांच्या उंची फर्निचरला पदक मिळाले आणि १८५३ मध्ये ‘टोनेट बंधू’ या नावाने उद्योग पाच मुलांच्या नावे झाला.

दोष ओळखला, पद्धत बदलली

चिकटविलेल्या पट्ट्यांच्या फर्निचरमध्ये एक उणीव होती. दमट हवेत सरस सुटे आणि दूरदेशी पाठविलेला माल निकामी होण्याचा धोका असे. टोनेट यांनी त्यावर उपाय शोधला. बीच या झाडाच्या अखंड दांड्याला वाफ देऊन मऊ करावयाचे व मग वाकवावयाचे, असा तो उपाय. लाकूड वाकविताना बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले जाऊन फाटतात. दाब मात्र लाकूड बऱ्याच प्रमाणात सोसते. म्हणून दांड्याच्या बाहेरील अंगास पोलादी पट्टी घट्ट बसविली जाई. त्यामुळे बाहेरची बाजू ताणली न जाता आतली बाजू आखडते आणि लाकूड तुटत नाही. साच्यात वाळल्यावर आकार कायम राहतो. या पद्धतीचा विशेषाधिकार त्यांना १८५६ मध्ये मिळाला.

त्यानंतरचा त्यांचा निर्णय विशेष मननीय आहे. कारखाना त्यांनी राजधानीत न काढता मोराव्हिया प्रांतातील कोरिचान येथे, बीचच्या वनाशेजारी उभारला. लाकूड जवळ होते आणि परिसरात काम करू इच्छिणारी माणसे होती. प्रत्येक काम लहान लहान टप्प्यांत विभागल्यामुळे पूर्वी सुतारकी न केलेल्या ग्रामस्थांनाही ते शिकविता आले. बैठकीची वेताची वीण घालण्याचे काम अनेक स्त्रियांना मिळाले.

१८५९ ची ‘क्रमांक १४’ ही खुर्ची या विचाराचे फळ होय. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढाच तिचा संसार. सुटे केलेले छत्तीस खुर्च्यांचे भाग एक घनमीटरच्या खोक्यात मावत. प्रासादांसाठी आरंभलेली कला अशा रीतीने सामान्यांच्या उपाहारगृहांत पोहोचली. १९३० पर्यंत या खुर्चीच्या सुमारे पाच कोटी प्रती विकल्या गेल्या. टोनेट १८७१ मध्ये निवर्तले; त्यांच्या नावाचा उद्योग जर्मनीत आजही चालू आहे.

आपल्या मुंबईनेही असा एक स्थलांतरित पाहिला आहे. थिऑसॉफिकल सोसायटीच्या मॅडम ब्लाव्हाट्स्की व कर्नल ऑल्कट यांच्यासमवेत फेब्रुवारी १८७९ मध्ये आलेले एडवर्ड विम्ब्रिज हे पुढे त्या मंडळींपासून वेगळे झाले आणि त्यांनी मुंबईत उंची फर्निचरचा व्यवसाय उभारला.

सूरजागड परिसराने काय घ्यावे?

सागाची तोड व वाहतूक यांवर वनखात्याचे नियंत्रण आहे आणि ते आवश्यकही आहे. बांबूची स्थिती वेगळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूचा वाहतूक परवाना आला. मालकी सिद्ध झाली. मात्र आजही पुष्कळसा बांबू कच्चा माल म्हणूनच विकला जातो.

बुरड कारागिरांच्या हाती वीणकाम परंपरेने आहे. टोपली, सूप विणणारा हात खुर्चीची बैठकही विणू शकेल. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत.

पहिली गोष्ट कच्च्या मालाच्या संस्काराची. टोनेट यांना जसा सरसाचा दोष, तसा बांबूला भुंगेऱ्याचा. बांबूतील पिष्टमय अंशावर ही कीड पोसते. तीन वर्षे पूर्ण झालेला बांबू पावसाळा संपल्यावर तोडावा, कोवळे कोंब राखावेत आणि तोडलेल्या मालास बोरिक अ‍ॅसिड व बोरॅक्सच्या द्रावणाची प्रक्रिया द्यावी. प्रक्रिया न केलेली खुर्ची विकणे म्हणजे पुढील ग्राहक गमावणे होय.

दुसरी गोष्ट प्रशिक्षणाची. चंद्रपूर-मूल मार्गावरील चिचपल्ली येथे २०१४ मध्ये स्थापन झालेले बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र याच जिल्ह्यांच्या परिसरात आहे. ग्रामपंचायतींनी निवडक तरुण व महिलांची नावे ग्रामसभेत ठरवावीत. शिकून आलेल्यांनी गावातील इतरांना शिकवावे.

तिसरी गोष्ट वाहतुकीची. एटापल्लीहून नागपूर वा मुंबई दूर आहे. अखंड खुर्च्या पाठविल्यास वाहनात बहुतांशी हवाच वाहून नेली जाते. सुटे भाग व जोडणीचे स्क्रू अशी रचना केल्यास तोच खर्च अनेक खुर्च्यांवर विभागला जातो. शाळांतील कार्यानुभवाच्या तासाला शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून असा एखादा नमुना करवून घेण्यास हरकत नाही.

टोनेट यांच्या चरित्रात एक इशाराही आहे. कल्पना उत्तम असूनही बाजारपेठ हाती येण्यापूर्वी केलेल्या खर्चाने त्यांचे घर गेले. म्हणून ग्रामसभांनी आरंभ लहान ठेवावा. प्रथम मागणी पाहावी, मग यंत्रे घ्यावीत.

व्हिएन्नात आलेल्या परक्या सुताराला वन शोधत मोराव्हियात जावे लागले. सूरजागडच्या माणसाला वन शोधावयाचे नाही. ते त्याच्या दारी आहे, आणि त्यावरील हक्क कायद्याने मान्य केला आहे. त्या वनातून बाहेर पडणाऱ्या बांबूबरोबर येथील हातांचे कसबही बाहेर जावे आणि त्याचा मोबदला गावात परत यावा, हेच या अभ्यासाचे सार होय.