अनवाणी धाव

मॅरॅथॉन ही ४२ किलोमीटर व १९५ मीटर अंतराची शर्यत होय. १० सप्टेंबर १९६० रोजी रोम नगरीत ऑलिंपिक सामन्यांतील ही शर्यत झाली. उन्हाचा ताप टळावा म्हणून ती सायंकाळी सुरू करण्यात आली होती. जमलेल्या धावपटूंत इथिओपियाच्या सम्राटाच्या रक्षकदलातील एक सडपातळ शिपाई उभा होता. त्याचे नाव अबेबे बिकिला. त्याच्या छातीवर ११ हा अंक होता आणि पायांत काहीच नव्हते.

एवढा लांबचा पल्ला, त्यातून रस्त्याचा काही भाग दोन हजार वर्षांपूर्वीच्या आप्पियन मार्गाचा! हा गृहस्थ थोड्याच वेळात लंगडू लागेल, असे कोणासही वाटले असते. पण तसे घडले नाही. अंधार पडला. रस्त्याच्या कडेला सैनिक मशाली घेऊन उभे राहिले. त्या उजेडात बिकिला आणि मोरोक्कोचा राधी बेन अब्देस्सेलाम हे दोघेच सर्वांच्या पुढे धावत होते. शेवटच्या टप्प्यात वाटेवर एक उंच पाषाणस्तंभ लागे. इटलीने इथिओपिया जिंकल्यावर आक्सुम या प्राचीन नगरीतून तो १९३७ साली रोमला आणला होता. (पुढे २००५ साली तो मायदेशी परत गेला.) आपल्याच भूमीतून नेलेल्या त्या स्तंभाजवळ बिकिलाने वेग वाढविला आणि राधीला मागे टाकले. कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी तो पोहोचला, तेव्हा २ तास १५ मिनिटे १६ सेकंद झाले होते. तोवर इतक्या थोड्या वेळात ही शर्यत कोणीही पुरी केली नव्हती. इथिओपियाचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक.

बुटांचा जोड पायांस नीट बसेना, म्हणून त्याने व त्याचे प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांनी अनवाणी धावण्याचे ठरविले, असे सांगतात. निर्णय ऐन वेळचा असेल. परंतु बिकिलाच्या पायांना अनवाणी धावण्याची सवय आधीपासूनच होती. ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात.

आपल्या एका पावलात २६ हाडे व ३३ सांधे असतात. तळव्याची कमान भार पडताच किंचित दबते आणि पुन्हा उसळते. टाचेच्या वर, मागच्या बाजूस, हात लावून पाहा; दोरीसारखी ताठ कंडरा लागेल. ती पोटरीला टाचेशी जोडते. पाऊल चवड्यावर उतरले व मग टाच हलकेच खाली आली, तर ही कंडरा ताणली जाते आणि पुढच्या पावलाला उसळी देते. याउलट पाय फार पुढे टाकून टाच आपटली, तर धक्का सरळ वर जातो. जाड टाचेच्या बुटांत तो फारसा जाणवत नाही. अनवाणी माणसाला मात्र तत्काळ कळतो. म्हणून तो आखूड पावले टाकू लागतो, गुडघा थोडा वाकवतो आणि पाऊल शरीराच्या खालीच ठेवतो. हार्वर्ड विद्यापीठातील डॅनिएल लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली या धक्क्याची मापे प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा विषय जगभर चर्चेत आला. तरी अनवाणी धावणारा प्रत्येक जण चवड्यावरच उतरतो, असे समजू नये. उत्तर केनियातील दासनच लोक सावकाश धावताना बहुधा टाचेवरच उतरतात, असे पुढे दिसून आले.

चांगले धावणे कानांनीही ओळखता येते. पावलांचा धपधप आवाज होत असेल, तर पावले आखूड करून पाहावीत. मान सरळ, खांदे सैल, नजर पुढे.

पण हे वाचून कोणी उद्याच बूट फेकून मैदानावर धाव घेईल, तर ते बरे नव्हे. अमेरिकेत काही धावपटूंना दहा आठवड्यांत पातळ तळाच्या बुटांची सवय लावण्यात आली. २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांतील निम्म्याहून अधिक जणांच्या पायांच्या हाडांत सूज वाढलेली आढळली. धाप लागणे थोड्या दिवसांत कमी होते. हाडे व कंडरा मात्र महिन्यांच्या हिशेबाने बळकट होतात. तेव्हा प्रथम काही आठवडे सपाट मैदानावर अनवाणी नुसते चालावे. मग एकदोन मिनिटे धावावे, दुसरे दिवशी विसावा घ्यावा, आणि वेळ अगदी थोडा थोडा वाढवावा. पोटऱ्या दुखणे साहजिक आहे. पण पावलाच्या हाडावर बोट दाबताच कळ आली, तर धावणे थांबवून वडीलधाऱ्यांस सांगावे. मैदानातील काचा व काटे आधी वेचावेत. वैशाखातल्या डांबरी रस्त्यावर तर जाऊच नये; तेथे बिकिलाचे तळवेही भाजले असते!

१९६४ साली टोकियो येथे बिकिला पुन्हा मॅरॅथॉनला उभा राहिला. काही आठवड्यांपूर्वीच त्याच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया झाली होती. या वेळी त्याच्या पायांत मोजे होते, बूटही होते. त्याने २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत, म्हणजे रोमपेक्षाही कमी वेळात, शर्यत जिंकली. लागोपाठ दोन ऑलिंपिक मॅरॅथॉन जिंकणारा तो पहिलाच. इतर धावपटू अद्याप रस्त्यावर होते, आणि हा पठ्ठ्या क्रीडांगणातील हिरवळीवर हातपाय ताणून व्यायाम करीत होता.